दाराआडचं रडणं

दाढ किडून ठणकत होती, तरी दाताच्या डॉक्टरांचं नाव काढलं की लेक आईला घट्ट बिलगायची. आज मात्र ती एकटीच आत गेली. आई बाहेर बाकावर बसली. दाराआडून लेकीचं रडणं ऐकू येत होतं.

दार उघडलं. लेक हसत बाहेर आली. गाल कोरडे होते.

"गुणाची पोर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दाढ काढली, पण हूं की चूं केलं नाही."

आत रडणं चालूच होतं. तोच हुंदका, "आई" म्हणतानाचा तोच कातर सूर.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही," म्हणत डॉक्टरबाईंनी दार ओढून घेतलं.

आई उठली, तसा लेकीने तिचा हात धरला.

"चल ना घरी," ती समजुतीने म्हणाली. "रडून रडून होईल ती गप्प."