उजवी बाही

"घरात आमटी वाढायला एकच धड लाकडी डाव, त्यालाही काळं फासलंस," आई पुटपुटली. "म्हशीच्या शेपटीवरची माशीसुद्धा कोरलीस. आईला मात्र जागा नाही म्हणे!"

"तू म्हशीसारखी गप्प उभी राहत नाहीस, आई," लेक म्हणाली आणि डावाच्या पाठीनं कागद घासत राहिली.

कागदाखाली छाप्यासाठी शाई लावलेली फळी होती. गोठ्याशेजारच्या खोलीत बसून तिनं ती चार महिने कोरली होती. चारा कापायचं हातयंत्र, मान लांबवलेली म्हैस आणि यंत्रात गवत सरकवणारा दादा. त्याची डावी बाही कोपरापाशी दुमडलेली, गेली दोन वर्षं असते तशी. फळी सगळ्यांनी पाहिली होती. "म्हैस माझ्यापेक्षा देखणी आलीय," एवढीच दादाची तक्रार.

"उचल आता," तो म्हणाला. एक कोपरा तिनं धरला, दुसरा त्यानं. कागद चरचरत सुटला.

कागदावरचा दादा डाव्या हातानं गवत सरकवत होता. उजवी बाही रिकामी होती.

"अगं बाई!" आई किंचाळली. "हाही हात घेतलास?"

बोलून गेल्यावर तिनं तोंड दाबून धरलं. यंत्रानं हात नेला, असंच घरात सगळे आजवर म्हणत आले होते.

लेकीनं फळीकडे पाहिलं, मग कागदाकडे. "उलटं उमटतं ते. कोरायच्या आधी चित्र उलटवून घ्यायचं असतं. विसरले मी."

"मग काय झालं?" दादा घाईघाईनं हसला. "डावा परत मिळाला, हे काय कमी आहे?"

त्यानं कागद उजेडाकडे धरला. म्हशीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. चाकावरचं पातं, पात्याची धार, चाकाची झिजलेली मूठ, सगळं जिथल्या तिथं.

"आणि आई, जागा नाही कशी? ही बघ, इथं चाकापाशी मोकळीच..."

त्याचं बोट चाकाच्या मुठीवर थांबलं. गोठ्यात म्हैस फुरफुरली.

लेकीनं डाव खाली ठेवला.

"ती जागा माझी आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी चाक मी फिरवत होते, दादा. तू ‘थांब’ म्हणालास, ते ऐकूही आलं होतं मला. वाटलं, नेहमीसारखी चेष्टा करतोयस."