गुहेतून सुटका

"खरं सांगू की बरं सांगू?" वाळवीने विचारलं.

चर्चच्या हॉलमधली कुजबुज थांबली. ही तेरा वर्षांची पोरगी पुस्तकांचा फडशा पाडायची, म्हणून घरीदारी तिला वाळवीच म्हणत. आज तिला मुलांसाठीच्या एका अद्भुत कादंबरीवर बोलायचं होतं, आणि ती लिहिणाऱ्या पाळकीणबाई पहिल्याच रांगेत नवऱ्याशेजारी, म्हणजे पाळकसाहेबांशेजारी, बसल्या होत्या. चर्चच्या ग्रंथालयात वाचून झालेल्या पुस्तकामागच्या कागदावर एक ओळ लिहून सही करायची पद्धत होती. या पुस्तकामागे सात वर्षांत अकरा जणांनी वाहवा लिहून ठेवली होती. "तूही चार गोड शब्द बोल आणि खाली बस," आईने बजावलं होतं. पण वाळवीचा जीव त्या पुस्तकात अडकला होता आणि पुस्तकाने तिला दगा दिला होता. गोड बोलायचं तरी कुठून?

"खरंच सांग," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातातल्या रुमालाचा मात्र पार बोळा झाला होता.

"ड्रॅगन झकास आहे. मुलगी तर त्याहून झकास. तो तिला गुहेत कोंडतो, तोंडाशी शिळा लावतो. मला घाम फुटला. शेजारच्या पानावर बघते तर ही घरी बसून सूप पितेय. सुटली कशी? देवाने सोडवलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं? सोडवलं असेल हो देवाने, पण तिनेही थोडे हातपाय हलवायला नकोत का?"

आईने कपाळाला हात लावला. पण वाळवी खाली बसली नाही.

पाळकीणबाई उठल्या. त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं, ती जागा काढली आणि पानांचे आकडे बघितले. डावीकडे शहाण्णव. उजवीकडे एकशे तेरा.

"बांधणाऱ्याने मधली सोळा पानं गाळलीत," म्हणाल्या आणि हसतच सुटल्या. "अगं, त्या सोळा पानांत ती नखांनी माती उकरून भुयार काढते. देवदूत मदतीला येतो, तर त्याला म्हणते, तू नुसता दिवा धर."

वाळवीचा चेहरा फुलला. "ती पानं वाचायला मिळतील?"

"आत्ताच घरी चल. माझी वही आहे."

मग बाईंनी पुस्तकामागचा कागद उघडला. पाळकसाहेब एकाएकी छताकडे बघायला लागले. सगळ्यात वर, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'गुहेतून सुटकेचं प्रकरण तीनदा वाचलं, तिन्ही वेळा रडलो.' खाली त्यांचीच सही होती.