सात मिनिटांचं क्रॉसिंग

“हे तुम्हाला पटायचं नाही, बाई. आजवर एकालाही पटलेलं नाही,” असं म्हणत आजोबांनी कुणी बसा म्हणायच्या आत खुर्ची ओढली आणि ते बसले.

विद्यापीठाच्या स्थलांतर विभागाच्या अधीक्षकबाईंनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेचार वाजले होते. पाचला खिडकी बंद होणार होती आणि आज शेवटची तारीख होती.

“काका, गोष्ट नको. दाखला हवाय.”

“दाखला नाही म्हणूनच तर गोष्ट आहे.”

शेजारी उभ्या असलेल्या नातीने फाईल छातीशी घट्ट धरली. दोन वर्षं ती दुसऱ्या विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकली होती. तिथले त्या विषयाचे एकमेव सर निवृत्त झाले, त्यांची जागा कुणी भरली नाही आणि विषयच बंद पडला. इथे तिसऱ्या वर्षाची एक जागा रिकामी होती. गुण पुरेसे होते. अभ्यासक्रम जुळतो असं विभागप्रमुखांनी लिहून दिलं होतं. प्राचार्यांचं ना हरकत पत्रही होतं. नव्हता तो फक्त स्थलांतर दाखला. तिकडचं विद्यापीठ म्हणे, आधी प्रवेशपत्र दाखवा, मग दाखला देतो. इकडचं म्हणे, आधी दाखला आणा, मग प्रवेशपत्र देतो. महिनाभर दोन्ही खिडक्यांनी पोरीला चेंडूसारखं टोलवलं होतं. आज ही जागा गेली, की दुसरा कुठलातरी विषय घेऊन पुन्हा पहिल्या वर्षात बसायचं.

“दाखल्याच्या आधी प्रवेशपत्र दिल्याचं एखादं जुनं उदाहरण असेल, तर मी माझ्या अधिकारात सही करू शकते,” बाई म्हणाल्या. “नसेल, तर फाईल वर जाईल. वरची बैठक पुढच्या महिन्यात.”

“उदाहरण तुमच्यासमोर बसलंय.”

“आजोबा, पुरे ना,” नात पुटपुटली. घरात आजोबांच्या गोष्टीतले रुपयाला चार आणे खरे धरायची पद्धत होती.

आजोबा तिकडच्या विद्यापीठात याच विभागात बत्तीस वर्षं कारकून होते. निवृत्तीला पंधरा वर्षं झाली होती आणि आता तिथला शिपाईसुद्धा त्यांना ओळख विचारत असे. पण आवाज अजून ऑफिसातलाच होता.

“तेहतीस वर्षं झाली. असाच एक विद्यार्थी अडकला होता. तुमचं ऑफिस हटून बसलेलं, आमचं त्याहून. दोन्ही साहेबांनी फोनवर एकमेकांचा उद्धार केला. शेवटी ठरलं, दोन्ही कागद एकाच क्षणी हातोहात बदलायचे. दोन गावांच्या बरोबर मध्ये एक स्टेशन आहे. एकेरी रूळ, त्यामुळे दोन्हीकडच्या गाड्या तिथे एकमेकींसाठी थांबतात. मी दाखला घेऊन आमच्या गाडीत, तुमचा माणूस प्रवेशपत्र घेऊन तुमच्या गाडीत.”

“स्टेशनवर उतरला का नाहीत?”

“मंजुरी प्रवासाची होती. उतरण्याची नव्हती.”

बाईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. “किती वेळ थांबायची गाडी?”

“सात मिनिटं.”

“आणि डबा?”

“इंजिनापासून तिसरा. खिडकीसमोर खिडकी यावी म्हणून आठवडाभर आधी डबे मोजून ठेवले होते.”

नातीने डोळे मिटून घेतले.

“मी हात बाहेर काढले, त्यानेही काढले,” आजोबांना रंग चढला. “एका हातात माझा कागद, दुसऱ्यात त्याच्या कागदाचं टोक. त्याचंही तसंच. आता सोडायचं कुणी? तो म्हणे, आधी तुम्ही. मी म्हटलं, छे, आधी तुम्ही. असे आम्ही सात मिनिटं, दोन गाड्यांच्या मध्ये वाळत घातल्यासारखे. डब्यातल्या लोकांनी पैजा लावल्या. माझे दोन्ही हात गुंतलेले म्हणून एका मावशींनी मला तांब्याने पाणी पाजलं.”

“मग शिट्टी झाली,” बाई म्हणाल्या.

“झाली ना. दोन्ही गाड्या हलल्या, एक इकडे, एक तिकडे. समोरचा गडी सहा फुटी, अशा झुपकेदार मिशा. पण मी असं रोखून पाहिलं त्याच्याकडे, की मिशा थरथरायला लागल्या. आणि सोडला त्याने. आधी त्याने. मग मीही मोठ्या मनाने माझा दिला. म्हणजे काय झालं? दाखल्याच्या आधी प्रवेशपत्र तुमच्याच ऑफिसने सोडलं. आता सांगा, उदाहरण आहे की नाही?”

पाचला दहा मिनिटं कमी होती. बाई पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या टेबलावरचे निम्मे कप्पे आधीच रिकामे झाले होते. त्यांनी एक कोरं प्रवेशपत्र काढलं. नातीचं नाव लिहिलं, विषय लिहिला, वर्ष लिहिलं, खाली सही केली. मग शिक्का उचलला आणि हात कागदावर धरून थांबल्या.

“काका, थाप मारताय तुम्ही.”

नातीचा चेहरा उतरला.

शिक्का खाली आला. बाईंनी प्रवेशपत्र नातीच्या हातात सोडलं आणि मग आजोबांकडे वळल्या.

“मिशा मला तेव्हाही नव्हत्या,” त्या म्हणाल्या. “आणि कागद आधी तुम्ही सोडला होता.”