आजोबांचं बोट

नगराध्यक्ष देल्फिनने गावच्या दफनभूमीत ‘नामवंतांची रांग’ उभारली. नामवंत म्हणे! एक तस्कर, बायकोला बडवणारा एक न्यायाधीश आणि अर्थातच देल्फिनचे आजोबा. त्यांना जागा हवी म्हणून इलुमिनादा आजीच्या वडिलांचा लाकडी क्रूस उपटून कचऱ्याच्या ढिगाशेजारी रोवला.

महायुद्धात जपान्यांनी वडिलांना नेलं तेव्हा आजी आठ वर्षांची होती. चर्चसमोर गावातले सगळे पुरुष उभे केले होते आणि चेहरा लपवायला डोक्यात गोणी घातलेला कुणी गाववालाच एकेकाकडे बोट दाखवत चालला होता; तो दाखवेल त्याला जपानी उचलत होते. तो कोण, हे कधीच कळलं नाही. आजीच्या डोळ्यांसमोर राहिलं ते त्याचं बोट.

सर्व संतांच्या सणाला आजी वडिलांच्या क्रूसावर वाहायला फुलं घेऊन आली, तर तिथे देल्फिनच्या आजोबांच्या पुतळ्याचं अनावरण चाललेलं. कबुतरांनी घाण करू नये म्हणून पुतळ्याच्या डोक्यावर तांदळाची गोणी चढवली होती. पुढे केलेला हात तेवढा उघडा होता.

“हे बोट बघा, पहिल्या पेरापासून वाकडं! अगदी हुबेहूब करून घेतलंय,” देल्फिन माइकवरून कौतुकाने सांगत होता. “आजोबा लढाई संपताच मनिलाला गेले, ते शवपेटीतूनच परत आले. आजी, गावात आता तुम्हीच सगळ्यांत जुन्या. थांबा, गोणी काढतो. ओळखता का बघा!”

आजी चबुतऱ्यावर पचकन थुंकली.



“राहू दे रे. गोणीतच ओळखलं मी त्याला.”