विजयी धाव

"...आणि अंतिम सामन्यात तिसऱ्या बेसवरून धावत येऊन, जमिनीवर झेप घेत विजयी धाव काढणाऱ्या आपल्या नव्या मुख्य प्रशिक्षक, मृणालीताई!" गिरधर सरांनी माईकवर आवाज चढवला. मांडवात बसलेल्या कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघातल्या पोरींनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला.

सत्कारातला परिचय हा मोठा गमतीचा प्रकार. ज्याचा त्यानंच सांगून ठेवायचा, आणि दुसरा वाचू लागला की मान खाली घालून लाजायचं. मृणालीनंही तो गिरधर सरांना फोनवर सांगून ठेवला होता. जळगावात कोणाला काय ठाऊक! पदरचं थोडं घातलं तर कुठं बिघडलं? आता तिची मान खाली होती खरी, पण लाजेचं सोंग करायची गरजच उरली नव्हती. शेजारच्या खुर्चीवर सपना येऊन बसली होती.

सपना कालच सहायक प्रशिक्षक म्हणून ठरलेली. धुळ्याची बस उशिरा आली म्हणून परिचय सुरू झाल्यावर धापा टाकत येऊन टेकलेली. ती स्पर्धा जिंकणाऱ्या संघात दोघी होत्या. तिसऱ्या बेसवरून सुटली ती सपना, पोटावर घसरत शेवटच्या बेसला, होमला पोचली ती सपना, आणि हनुवटी फुटली तीही तिचीच. मृणालीनं सबंध स्पर्धेत बाक सोडला नव्हता. सोडला असेल तर पाण्याच्या बाटल्या भरायला.

आणि ही बया टाळ्या वाजवत होती! सगळ्यांहून जोरात. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मृणालीला झालं.

"सपना, मी उठून खरं सांगते," ती अर्धवट उठत पुटपुटली.

"बस खाली, मृणे. बठ्ठ्या पोरी दखी ऱ्हायन्यात."

पोरी खरंच बघत होत्या. मृणाली बसली. बसली, हेच वाईट. सांगायचंच असतं तर कोणी तिचा हात धरला होता?

तेवढ्यात संघाची कॅप्टन ज्योती उभी राहिली. पहूरची पोर, भीडभाड कशाची नाही. "मॅडम, अशी झेप घेतली तर तुम्हाला लागलं नाही का?"

मृणालीनं सपनाकडं पाहिलं. सपनानं ओढणी सावरता सावरता हनुवटीवर ओढली.

"लागलं ना," सपनाच म्हणाली. "रक्त आलं होतं. पण मॅडमनी कोणाला दिसू दिलं नाही."

"आणि तुम्ही कुठं होत्या तेव्हा?"

"मी?" सपना हसली. "मी बाकावर. मॅडमना पाणी भरून द्यायचे."

पोरी खळखळून हसल्या. गिरधर सरही हसले. सपनानं टेबलावरची बाटली उचलली, झाकण काढलं आणि दोन्ही हातांनी मृणालीपुढं धरली.

"घ्या, मॅडम."

मघाशी ती मृणे होती. मृणालीनं बाटली घेतली, तोंडाला लावली. सगळ्या पोरी बघत होत्या, आणि एक घोट काही तिला गिळवेना.