तिसरा भाग कोणाकडे?

“नाव?” ग्रंथपालाने दौतीत टाक बुडवत विचारलं.

विमला क्षणभर घुटमळली आणि म्हणाली, “शेवंती.”

तसं ते खोटं नव्हतं. बांद्याला माहेरी एकोणीस वर्षं ती शेवंतीच होती. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने ‘विमला’ लिहिलं आणि शेवंतीचा कारभार आटोपला. पण वाचनालयाच्या वहीत विमला म्हणून नाव लागलं असतं, तर ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली असती. मालवणात बातमीला होडी लागत नाही. ग्रंथपाल गणपत खारेपाटणचा, नुकताच आलेला. कोण कोणाची सून, हे त्याला अजून कळायचं होतं.

त्याने जाड पिवळ्या कार्डावर नाव घातलं, शिक्का मारला. विमलाने ते पोलक्यात खुपसलं आणि रस्त्यावर आल्यावर तिला चक्क नाचावंसं वाटलं. एकोणीसशे अठ्ठावन्न साली, एक नवरा आणि एक सासू असलेल्या बाईकडे स्वतःच्या नावाची एक वस्तू होती!

सासूचं मात्र अवघड होतं. रुक्मिणीकाकी म्हणून सगळी वाडी त्यांना ओळखायची, आणि टरकून असायची. विमला उंबरठा ओलांडून आत आली त्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, “पुस्तकात तोंड घालून बसणाऱ्या बायलेची भाकरी करपता, ह्या ध्यानात ठेव.”

त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं म्हणे. मुंबईहून मुलाचं पत्र आलं की विमला मोठ्याने वाचायची आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. शेवटच्या दोन ओळी फक्त विमलासाठी असत. त्या ती गाळायची. काकींना नेमका तेव्हाच खोकला यायचा.

दर शुक्रवारी उत्तर टाकायला विमला पोस्टात जाई आणि येताना वाटेत वाचनालय गाठी. दुपारी काकी डोकं दुखतं म्हणून खोलीचं दार लावून पडत. सोमवारी देवळात गेल्या की तासभर यायच्या नाहीत. तेवढ्यात विमला वाचून घ्यायची. बाकीचा वेळ पुस्तक तांदळाच्या कोठीत.

कादंबरी तीन भागांची होती, होडी हाकणाऱ्या एका तांडेलाच्या मुलीची. पहिला भाग चार दिवसांत संपला. दुसऱ्याच्या शेवटी ती मुलगी वादळात एकटी होडी लोटते आणि पान संपतं. विमलाच्या हातातली भाकरी त्या दिवशी खरंच करपली. काकींनी ती उलटीपालटी करून बघितली आणि करपलेलं खरवडून खाल्ली.

शुक्रवारी ती धावतच वाचनालयात गेली. “तिसरा भाग!”

“बाहेर आहे,” गणपत म्हणाला.

पुढच्या शुक्रवारीही बाहेरच. त्याच्या पुढच्याही!

“पण आहे कोणाकडे?”

“ते सांगायचा नियम नाही, बाई.”

विमलाने दुसऱ्या भागाच्या मागची चिठ्ठी बघितली. तिच्या नावाच्या वरच नाव होतं, जानकी. पहिल्या भागातही तिच्या वर जानकीच. म्हणजे ही बाई प्रत्येक वेळी एक भाग पुढे होती. विमलाला तिचा रागही आला आणि हेवाही वाटला. तिने तिथेच कागद मागून घेतला.

‘जानकीताई, कृपा करून तिसरा भाग परत करा. मी सासूला चोरून वाचते. त्यांना अक्षराचा गंध नाही, म्हणून पुस्तक दिसलं की त्यांचं पित्त खवळतं. कधी पकडली जाईन नेम नाही, आणि मग कार्ड चुलीत जाईल. त्याआधी एवढं एक पुस्तक संपवू द्या. आपली, शेवंती.’

गणपतने हसत चिठ्ठी खणात टाकली. आठवड्याने उत्तर हातात पडलं. अक्षर जुन्या वळणाचं, ठसठशीत.

‘चि. शेवंतीस आशीर्वाद. मीही चोरूनच वाचते. आमच्या घरातली बाई मांजरासारखी पायांत पायांत असते, दोन पानं सुखाने वाचू देत नाही. म्हणून उशीर. झाल्यावर आधी तुलाच देईन. पुस्तक तांदळाच्या कोठीत ठेवू नये, पानांत टोके किडे शिरतात. जानकी.’

विमला खुदकन हसली. जगातल्या सगळ्या सुना एकाच कोठीत पुस्तकं लपवतात तर! तिला ही न पाहिलेली बाई सख्ख्या बहिणीसारखी वाटली. कुणीतरी होतं, याच गावात, तिच्याचसारखं धडधडत्या छातीने पानं उलटणारं. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक सुनेच्या तोंडाकडे ती बघायला लागली. ही असेल का जानकी?

त्या रविवारी दुपारी काकी दार लावून पडल्या होत्या. अंगणात एक म्हातारा येऊन उभा राहिला. उन्हाने रापलेला, हातात पत्र्याची ट्रंक.

“जानकी आसा काय गो घरात?”

विमला पायरीवरून खाली धावली. “तुमी वळखतास जानकीक? ती खंय रवता? सांगा मां!”

म्हाताऱ्याने ट्रंक खाली ठेवली.

“खंय रवता म्हणजे? वीस वर्सां बोटीर होतंय म्हणान भैनीचा घर इसारतलंय? तोंडवली गावासून ह्याच घरात दिलंव मां आमी तिका!” आणि त्याने घराकडे तोंड करून हाक मारली, “जानकी! अगो जानकी!”

खोलीचं दार उघडलं. नाकावर चष्मा, पुस्तकात बोट घातलेलं, अशा रुक्मिणीकाकी उंबरठ्यात येऊन उभ्या राहिल्या.

“आरडा नको रे दादा, दोनच पानां रवली हत,” त्या म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. “मगे तुकाच देतंय गो, शेवंती.”