घोड्यावरचा हैबती

पडदा सरकला, फटाके कडाडले आणि चौकात घोड्यावर बसलेले रिसालदार हैबतराव लोकांना दिसले. त्यांची बायको शेवंता पायथ्याशी उभी होती. चौथरा एवढा उंच, की तिला घोड्याचं पोट आणि नवऱ्याच्या बुटांचे तळवेच काय ते दिसले.

सीमेवरून हैबतरावांची पेटी आली, तेव्हा लष्कराच्या माणसांनी ती उघडू दिली नव्हती. शेवटचं तोंड बघायचं राहूनच गेलं होतं. म्हणून पाहुण्यांच्या मोटारी गेल्यावर हार घालणाऱ्याला ती म्हणाली, "दादा, शिडी काढू नका. मला एकदा वर जाऊ द्या."

त्यानं शिडी घट्ट धरली. पदर खोचून शेवंता वर चढली आणि तिनं पुतळ्याच्या गालाला हात लावला. रुंद कपाळ, झुपकेदार मिशा, डोळ्यांत जरब. कुणा भलत्याच माणसाचा चेहरा होता तो. शिडीला धरून ती नुसती बघत राहिली. तिला रडूही येईना.

खाली उतरली तेव्हा तिची आंधळी सासू काठीवर रेलून वाट बघत होती.

"आपलाच हैबती हाय न्हवं गं?"

"व्हय आत्याबाई. अगदी त्येच."

म्हातारी चाचपत पुढं गेली आणि चौथऱ्याला पाठ टेकून बसली. "मग रोज सांजच्याला मला हितं आणत जा, पोरी. लेकापाशी घटकाभर बसंन."

"आणीन," वर न बघता शेवंता म्हणाली.